फोर बाय फोरचे टायर आणि उंची: वरळी कोळीवाड्यातून घाटापर्यंत

१ जूनला मासेमारीबंदी लागते आणि ३१ जुलैपर्यंत वरळी कोळीवाड्यातल्या बोटी पाण्याबाहेर राहतात. जाळ्यांची डागडुजी, रंगरंगोटी, इंजिनाची कामे चालूच असतात. पण दर्यावर जायचे नसते, त्यामुळे ज्यांच्या घरी थार, जिम्नी किंवा गुरखा आहे ती तरुण मंडळी याच दोन महिन्यांत घाटाकडे निघतात: ताम्हिणी, मुळशी, माळशेज, इगतपुरी. त्याआधी मे महिन्यात एक प्रश्न हमखास निघतो. टायर केवढे घालू आणि गाडी किती उचलू?

बहुतेक जण आधी गाडी उचलणारे लिफ्ट किट ठरवतात, मग त्याखाली शोभतील असे टायर शोधतात, आणि टायरमध्ये हवा किती ठेवायची याचा विचार चाक चिखलात रुतल्यावर करतात. इथे सांगितलेला क्रम याच्या उलट आहे. आधी हवा, मग टायर, आणि तरीही गरज उरली तर उंची. हा क्रम स्वस्ताकडून महागाकडे जातो. शिवाय पहिल्या दोन टप्प्यांवर बहुतेकांचे काम भागते आणि तिसऱ्यापर्यंत जावेच लागत नाही.

साहित्य फार लागत नाही. मिलिमीटरच्या खुणा असलेली मोजपट्टी, खडू, हवा मोजायचा चांगला गेज, १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर, मुलांच्या खेळातली प्लास्टिसिनची माती, गाडीचे मॅन्युअल आणि एक वही.

पायरी १. गाडी खरोखर कुठे जाते ते लिहा

गेल्या वर्षभरात गाडी कुठे कुठे फिरली ते वहीत उतरवा. वरळी ते दादर, लालबाग, ससून डॉक, कोस्टल रोड, पुण्याचा द्रुतगती मार्ग, आणि त्यानंतर कच्चा रस्ता. जवळजवळ प्रत्येकाच्या यादीत डांबर आणि काँक्रीटच जास्त निघते. यात लाजण्यासारखे काही नाही, पण टायर निवडताना ते विसरून चालत नाही.

आता कच्च्याचे बघा. सह्याद्रीतला पावसाळी चिखल म्हणजे वर चार बोटे निसरडी तांबडी माती आणि खाली मुरूम किंवा कातळ. कोकणात उतरलात की जांभा. या दोन्हींत तळ कडक असतो, फक्त वरचा थर घसरतो. हे लक्षात ठेवा, पुढे टायरची रुंदी ठरवताना कामाला येईल.

वाळू यादीतून काढून टाका. रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर गाडी उतरवली की गुन्हे दाखल होतात, भरतीत अडकलेल्या गाड्या ओढून काढाव्या लागतात. वेळास, आंजर्ले, हरिहरेश्वर इथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. ज्याचे पोट दर्यावर आहे त्याने तरी किनाऱ्यावर चाकांच्या खुणा सोडू नयेत, असे मला मनापासून वाटते.

दादरच्या हिंदमात्याला पाणी तुंबते म्हणून लिफ्ट हवी, असेही ऐकू येते. २०२० साली आलेल्या थारसाठी कंपनी पाण्यातली मर्यादा ६५० मिमी सांगते. ही मर्यादा इंजिनात हवा कुठून जाते, वायरिंग आणि आसांची श्वासनळी कुठे आहे यावर ठरते. किट लावल्याने बॉडी थोडी वर जाते, आस पाण्यातच राहतो. तुंबलेल्या पाण्याखाली मॅनहोलचे झाकण आहे की नाही, हे तर कुठलेही किट सांगत नाही. त्या दिवशी गाडी घरीच ठेवा.

शेवटी गल्ली मोजा. कोळीवाड्यात सगळ्यात अरुंद वळण कोणते हे तुम्हाला माहीतच आहे. तिथे हातगाडी आणि मासळीचे क्रेट ठेवलेले असताना किती जागा उरते ते पट्टीने बघा. थार १८२० मिमी रुंद आहे, पाच दारांची जिम्नी १६४५ मिमी. बाहेर काढलेल्या रिमा आणि रुंद टायर दोन्ही बाजूंनी ही रुंदी वाढवतात. तळघरात पार्किंग असेल तर फाटकावर लिहिलेली उंचीही वहीत टिपा.

पायरी २. आहे त्याच टायरमधली हवा कमी करून बघा

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर कंपनीने सांगितलेल्या हवेचे स्टिकर असते. डांबरावर तेवढीच ठेवा. कच्च्यावर उतरताना २० ते २२ पीएसआयवर या. चिखल फार मऊ असेल तर १८. हवा उतरली की टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो, रबर दगडाला धरून बसते, आणि आधी जिथे चाक नुसते फिरत होते तिथून गाडी शांतपणे वर चढते. ज्याने हे एकदा अनुभवले तो लिफ्ट किटची घाई करत नाही.

दोन पथ्ये मात्र पाळा. साध्या रिमवर १५ च्या खाली जाऊ नका, कडेला जोर आला की टायर रिमवरून सुटतो. आणि कमी हवेवर वेग ताशी ३० किमीच्या आसपासच ठेवा, डांबर लागण्यापूर्वी कॉम्प्रेसरने हवा पूर्ववत करा. कमी हवेचा टायर महामार्गावर कडेने तापतो आणि फुटतो.

शक्य असेल तर एक अख्खा पावसाळा जुन्या टायरवर असाच काढा. इगतपुरीजवळ महिंद्राने ऑफरोड प्रशिक्षणासाठी मैदान उभारले होते, अशा ठिकाणी शिकवणारेही सुरुवात हवेपासून आणि पेडलवर पाय कसा ठेवायचा इथूनच करतात. कुठे चाक घसरले, कुठे पोट घासले, कुठे बंपर आदळला याची नोंद वहीत ठेवा. पुढचा सगळा निर्णय याच नोंदींवर घ्यायचा आहे.

पायरी ३. मापाचे गणित

टायरवर २४५/७५ आर १६ लिहिले असेल तर २४५ ही मिमीमधली रुंदी, ७५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि १६ हा रिमचा व्यास इंचांत. भिंत झाली २४५ च्या ७५ टक्के, म्हणजे १८४ मिमी. वर आणि खाली अशा दोन भिंती ३६७.५, त्यात १६ इंची रिमचे ४०६.४ मिळवा. एकूण व्यास ७७४ मिमी.

२०२० च्या थारला कंपनीने दोन मापे दिली होती. एएक्स प्रकाराला हेच २४५/७५ आर १६, आणि एलएक्स प्रकाराला २५५/६५ आर १८, ज्याचा व्यास ७८९ मिमी. आता नेहमी विचारली जाणारी दोन मापे बघू. २६५/७५ आर १६ चा व्यास ८०४, २८५/७५ आर १६ चा ८३४.

यातून मिळते काय? थारच्या मागच्या आसाच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा लटकलेला असतो. मागे दगडाला आधी तोच लागतो. आस चाकांवर बसलेला आहे, त्यामुळे लिफ्ट किटने बॉडी कितीही उचला, हा गोळा जागचा हलत नाही. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने, आणि तेही व्यासातल्या वाढीच्या निम्म्याने. ७७४ वरून ८०४ वर गेलात तर १५ मिमी. ८३४ वर गेलात तर ३० मिमी. एवढ्याचसाठी सगळा खटाटोप आहे, हे खर्च करण्याआधी नीट समजून घ्या.

आणि जाते काय? ७७४ ऐवजी ८३४ चा टायर लावला की चाकाचा एक फेरा पावणेआठ टक्के लांब होतो. काटा ८० दाखवेल तेव्हा वेग असेल ८६. कोस्टल रोडच्या सरळ भागात मर्यादाच ८० ची आहे, म्हणजे दंडाची पावती घरी येणार. चाकापाशी पोचणारी ओढ सुमारे सात टक्क्यांनी घटते. ब्रेकला जास्त मोठे आणि जास्त जड चाक थांबवावे लागते. ३०० न्यूटन-मीटरची डिझेल थार हे ओढून नेईल. १३४ न्यूटन-मीटरच्या जिम्नीला कसाऱ्याच्या चढावर ते प्रत्येक गिअरमध्ये जाणवेल.

म्हणून व्यास मूळ मापाच्या ३ ते ४ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये, असे माझे मत आहे. १६ च्या रिमची थार असेल तर २६५/७५ आर १६ ही वरची मर्यादा. जिम्नीचे मूळ माप १९५/८० आर १५, व्यास ६९३. तिला २१५/७५ आर १५ पुरेसा आहे, व्यास साडेदहा मिमीच वाढतो पण रबर अंगात जास्त येते.

१८ च्या रिमची थार असणाऱ्यांना एक वेगळा सल्ला. मोठे माप शोधण्याऐवजी कंपनीच्याच १६ च्या रिमवर या. जमिनीपासूनची उंची सात-आठ मिमीने घटते, पण टायरची भिंत १६६ वरून १८४ मिमी होते. हवा कमी केल्यावर वाकायला तेवढी जास्त जागा मिळते, दगडावर रिम वाचते, आणि दोन्ही मापे त्याच मॉडेलला कंपनीनेच दिलेली असल्यामुळे कागदोपत्रीही त्रास कमी.

पायरी ४. मडगार्डच्या आतली जागा मोजा

सपाट जागी गाडी उभी करा. चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा आणि लिहा. हे अंतर टायर बदलला तरी बदलत नाही, स्प्रिंग बसली किंवा उचलली तरच बदलते. पुढे कधी गाडी एका बाजूला झुकल्याचा संशय आला तर हेच आकडे खरे काय ते सांगतात.

मग स्टिअरिंग एका टोकापर्यंत फिरवा. टायरच्या पुढे बंपरचे प्लास्टिक, मागे मडगार्डचा खालचा कोपरा, आत चासी, या तिन्ही जागी किती अंतर उरते ते मोजा. दुसऱ्या टोकालाही तसेच. नवा टायर किती मोठा आणि किती रुंद आहे हे वजा केले की तो कुठे घासेल हे जागेवरच कळते.

खरी परीक्षा चाक वर दबते तेव्हा होते. पुढचे उजवे आणि मागचे डावे चाक बळकट लाकडी ठोकळ्यांवर चढवा, हँडब्रेक ओढा, उरलेल्या चाकांना दगड लावा. दबलेल्या चाकाच्या वर, मडगार्डच्या आतल्या अंगाला प्लास्टिसिनच्या जाड गोळ्या चिकटवा. मग दगड काढा, हँडब्रेक सोडा, गाडी ठोकळ्यांवरच सावकाश थोडी पुढे-मागे घ्या आणि गोळ्या कुठे चेपल्या ते पाहा. हे मित्राच्या मोठ्या टायरवर करायला मिळाले तर फारच उत्तम. अरुंद गल्लीत राहणाऱ्यांनी एक गोष्ट आणखी तपासावी: टायर आत घासतो म्हणून मेकॅनिकने स्टिअरिंगचे टोक आधीच अडवले, तर वळायला जास्त जागा लागते. घाटात चालून जाईल, कोळीवाड्यात एका वळणाला दोनदा मागे-पुढे करावे लागेल.

पायरी ५. नक्षी, रुंदी, आणि पाचवा टायर

मुंबईत चार महिने ओला रस्ता असतो. चिखलाचे एमटी टायर, म्हणजे मोठमोठ्या ठोकळ्यांचे, ओल्या काँक्रीटवर ब्रेक मारताना कमी धरतात, आवाज करतात आणि लवकर झिजतात. रोज दादर-परळ करणाऱ्या गाडीला एटी टायरच, म्हणजे डांबर आणि कच्चा दोन्हींसाठीचे, घ्यावेत. एमटी त्यांनी घ्यावेत ज्यांची ती दुसरी गाडी आहे.

रुंदीबद्दल मोठा गैरसमज आहे. महिंद्राने स्वातंत्र्याच्या सुमारास माझगावात विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे देशभर गेलेल्या सीजे ३बी जीपला ६.०० - १६ चे बारीक टायर असत. वरचा निसरडा थर कापून ते खालच्या कडक मुरमाला भिडत, म्हणून ती जीप खेडोपाडी चिखलातून निघत असे. रुंद टायर त्याच थरावर तरंगतो आणि घसरतो. तो उपयोगी खोल वाळूत, आणि वाळू आपण आधीच वगळली आहे. सह्याद्रीसाठी उंच भिंतीचा, मध्यम रुंदीचा टायर चांगला.

घेताना भिंतीवर दोन गोष्टी वाचा. मापाच्या पुढचा भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नको. १११ म्हणजे एका टायरवर १०९० किलो. दुसरी गोष्ट चार आकडी शिक्का: २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात दोन-तीन वर्षे पडलेले रबर सवलतीत मिळाले तरी घेऊ नका.

आणि टायर चार नाही, पाच घ्या. स्टेपनी जुन्या मापाची राहिली आणि ती फोर बाय फोरमध्ये लावावी लागली, तर पुढचे-मागचे चाक वेगळ्या वेगाने फिरते आणि सगळा ताण गिअरच्या डब्यावर येतो. थार आणि जिम्नीची स्टेपनी मागच्या दारावर असते. जड टायर टांगल्यावर दाराच्या बिजागऱ्या दर सर्व्हिसला बघून घ्या.

पायरी ६. उंची: गरज सिद्ध झाली तरच

आता वही उघडा. घासणारा टायर ठोकळ्यांच्या परीक्षेत दिसला का? दगडी उंचवट्यावर गाडीचे पोट वारंवार टेकले का? पुढे लोखंडी बंपर किंवा विंच बसवल्यामुळे नाक खाली गेले आहे का? तिन्हींची उत्तरे नाही असतील तर इथेच थांबा आणि पैसे डिझेलला ठेवा.

नाक खाली गेले असेल तर गाडी उचलायची नसते, ती मूळ उंचीवर आणायची असते. त्यासाठी वाढलेल्या वजनाच्या हिशेबाची कडक स्प्रिंग आणि तिला जुळणारे शॉकअप पुरतात.

पोट टेकत असेल तर मात्र उंची खरोखर मदत करते. थारच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २४५० मिमी आहे, कंपनी पोटाखालचा कोन २७ अंश सांगते. ४० मिमी उचलल्यावर त्यात सुमारे साडेतीन अंशांची भर पडते. माझ्या मते सरळ रस्त्यावरही धावणाऱ्या गाडीसाठी ४० मिमी ही शेवटची मर्यादा आहे. बोटीत बर्फ आणि मासळी तळाला भरतात, वर रचत नाहीत. गाडीचेही तेच आहे, वजन जेवढे वर तेवढी ती वळणावर आणि आडव्या उतारावर कलंडायला सोपी.

प्रकार गाडीवर अवलंबून आहेत. थारला पुढे विशबोन आहेत. शॉकअप विशबोनच्या मधल्या भागावर बसतो, म्हणून वर लावलेला २५ मिमीचा पक, म्हणजे जाड चकती, चाकापाशी जवळपास दुप्पट उंची देऊ शकतो. पकाच्या जाडीवर किंमत न ठरवता चाकापाशी किती वाढणार ते आधी विचारा. जास्त उचलले की सीव्ही जॉइंटचा कोन तिरका होतो, रबरी बूट फाटतो आणि आत चिखल जातो. जिम्नीला पुढे-मागे दोन्ही अखंड आस आहेत. ती उचलली की आस किंचित एका बाजूला सरकतो आणि स्टिअरिंग हलके, भिरभिरे होते. म्हणून आडवी दांडी आणि कॅस्टर जुळवून देणारे भाग किटमध्ये हवेतच. २०१० पासून आलेल्या जुन्या थारला पुढे टॉर्शन बार आणि मागे कमानी. बोल्ट पिळून पुढची उंची फुकटात वाढते, पण चाक खाली लोंबायला जागाच उरत नाही आणि खड्ड्यात गाडी टणकन आदळते. अशी फुकटची उंची घेऊ नये. बॉडी आणि चासीच्या मध्ये पक घालून उचलणे तर रस्त्यावरच्या गाडीत करूच नका.

कुठलाही प्रकार असो, ब्रेकचे होजपाइप चाक पूर्ण लोंबल्यावर ताणले जात नाहीत ना हे डोळ्यांनी बघा.

पायरी ७. कागद

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलात मालकाला मनाने बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून पैसे देण्यापूर्वी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. अपघात झाल्यावर विमा कंपनीने लिफ्ट किटचे कारण पुढे केले तर वाद घालायला हातात काही तरी कागद हवा. महिंद्रा आणि सिएट या दोघांचीही मुख्यालये वरळीतच आहेत, पण तुमच्या उपयोगाचा कागद मॅन्युअल हाच. त्यात दिलेल्या मापांच्या आत राहिलात तर ही पायरी दोन मिनिटांची आहे.

पायरी ८. बसवणे, आणि खारा वारा

काम झाल्यावर त्याच दिवशी अलाइनमेंट करा आणि हेडलाइट खाली घ्या. नाक वर गेलेल्या गाडीचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात आणि घाटात त्यानेच अपघात होतो. पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतची मापे पुन्हा घ्या. नवी स्प्रिंग थोडी बसतेच, पण डावी-उजवीत फरक दिसला तर गॅरेजमध्ये परत जा.

कोळीवाड्याला समुद्राचा वारा लागतो, आणि इथे उभ्या राहणाऱ्या गाडीला ठाण्या-पुण्याच्या गाडीपेक्षा वेगळी काळजी लागते. ॲल्युमिनियमचा पक पोलादी बैठकीला भिडला की खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंच्या सांध्यावर ॲल्युमिनियम खाल्ले जाते. पॉलियुरेथेनचे पक घ्या, किंवा मध्ये जाड ग्रीस आणि रबरी चकती घाला. बोल्ट जस्ताचा मुलामा असलेले. स्प्रिंगवरचा रंग दगडाने उडाला की त्याच आठवड्यात तिथे रंग लावा, कारण गंजलेल्या खाचेतूनच स्प्रिंग मोडते. पावसाळा सुरू होण्याआधी चासीच्या पोकळ भागांत मेणाचा फवारा मारून घ्या. घाटातून आल्यावर तांबडी माती वाळू देऊ नका. गोड्या पाण्याने खालून, मडगार्डच्या आतून आणि शॉकअपच्या दांड्यांवरून धुवा. ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा पाण्यात गेल्या की गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहते. तेव्हा महिन्यातून एकदा तरी तिला फोर बाय फोरमध्ये टाकून कच्च्या जागेवर थोडे अंतर चालवा, म्हणजे पुढच्या आसाचे तेल फिरते आणि सील कोरडे पडत नाहीत.